दोन ठोक्यांचा उशीर

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मला नुसते घड्याळ म्हणू नका, मला राग येतो. घड्याळ किती वाजले ते सांगते. किती वाजले हे मला आयुष्यात कधी कळलेले नाही आणि त्याची मला फिकीरही नाही. किती वेळ लागला, एवढेच मी सांगतो. पण मी ते सांगायचो तेव्हा मोठमोठी माणसे श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

दिसायला मी साधाच आहे. तळहातात मावेल एवढी पोलादी डबी, वर काच, काचेखाली पांढरी तबकडी, सेकंदांचा एक लांब काटा आणि मिनिटांचा एक पिटुकला काटा. डोक्यावर एक बटण आहे. ते पिळले की मला किल्ली बसते. पहिल्यांदा दाबले की मी धावू लागतो. दुसऱ्यांदा दाबले की जागच्या जागी थांबतो. तिसऱ्यांदा दाबले की झाले गेले सगळे विसरून माझे काटे शून्यावर येतात. हे तीन दाब नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कथा त्या तिसऱ्या दाबापाशी अडून बसली होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, सदतीस वर्षे.

माझा जन्म उत्तरेकडे मोठमोठ्या खिडक्या असलेल्या एका लांबलचक खोलीत झाला. तिथे पंचवीस-तीस बायका एका डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन बसत. कुणी मोठ्याने शिंकत नसे, कारण एका शिंकेसरशी अर्ध्या दिवसाचे काम टेबलाखाली जायचे. मला जिने जोडले ती बाई पाठीला जरा वाकलेली होती. माझे झाकण बसवण्याआधी तिने मला किल्ली दिली आणि कानाशी धरले. साधे घड्याळ सेकंदाला पाच ठोके देते. मी दहा देतो. म्हणजे एका सेकंदाचे दहा तुकडे करून मोजतो. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "हा बोलका आहे गं. आणि खरं बोलणारा आहे." मला त्या वेळी फार अभिमान वाटला. खरे बोलण्याचा त्रास पुढे किती होतो हे तिने सांगितले नाही.

मी गेलो तो थेट मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर. एका संघाच्या वेळ मोजणाऱ्या माणसाने मला घेतले. या माणसाला सगळे दशांश म्हणत. खरे नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावे लागत असेल. त्याला प्रत्येक गोष्ट सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायची खोड होती. अंडे उकडायला किती वेळ, तर चार मिनिटे दोन दशांश. मुलगी रडायची थांबली, तर सात मिनिटे नऊ दशांश. बायको म्हणायची, "माझं बोलणं मोजू नका म्हणजे झालं." तो मोजायचा. मला ठाऊक आहे, मी त्याच्या खिशात असायचो.

दशांशला हे काम त्याच्या थोरल्या भावाने शिकवले होते. त्याला आपण दादा म्हणू, कारण दशांशही त्याला दादाच म्हणे. दोघे लहानपणी घराभोवती आलटून पालटून पळायचे आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर एकमेकांची वेळ धरायचे. मोठेपणी दोघांनी तेच काम धरले. फरक एवढाच की दशांश तांबड्या गाडीच्या संघात होता आणि दादा पांढऱ्या गाडीच्या.

आणि मित्रांनो, त्या काळी तांबडी आणि पांढरी यांच्यात जी चुरस होती, ती काय सांगू! तांबडीचा चालक शांत, हिशेबी. एकदा घेतलेले वळण तो शंभर वेळा तसेच्या तसे घेई. पांढरीचा चालक हसरा, आणि तो एकच वळण दहा वेळा दहा तऱ्हांनी घेई. तीन हंगाम दोघे एकमेकांच्या मागे हात धुऊन लागले होते. एक जिंकला की पुढच्या वेळी दुसरा. वर्तमानपत्रे लिहीत की दोघे एकमेकांचे तोंड बघत नाहीत. प्रत्यक्षात शर्यत संपली की दोघे एकाच बाकावर बसून एकाच डब्यातले खात आणि आपापल्या गाड्यांना शिव्या देत. हे वर्तमानपत्रवाल्यांना कुणी सांगितले नाही, कारण तिकिटे खपत होती.

आता आमच्या कामाची रीत सांगतो. विजेवर चालणारी मोजयंत्रे तेव्हा आमच्या मैदानावर आली नव्हती. म्हणून नियम असा होता की तांबड्या गाडीची वेळ पांढऱ्या संघाच्या माणसाने धरायची आणि पांढरीची वेळ तांबड्याच्या माणसाने. आपल्याच गाडीला झुकते माप द्यायला कुणाला वाव राहू नये, म्हणून ही उलटापालट. त्यासाठी अंतिम रेघेला लागून लाकडी मचाण होते. त्या मचाणावर दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहत.

दादाने दशांशला पहिल्या दिवशीच सांगितले होते, "धाकट्या, एकच गोष्ट ध्यानात ठेव. आपण रेघ बघायची. गाडी बघायची नाही. गाडी कितीही चांगली दिसू दे. ज्याची नजर गाडीबरोबर गेली, त्याचा अंगठा मागे राहिला."

दशांशने त्याची मनाशी खूणगाठ बांधली होती. नऊ वर्षे त्याने मला हातात धरून गाड्यांची रेघेवरची सावली तेवढी पाहिली. शर्यती बघायला लोक रांगा लावत आणि आमचा हा माणूस जगातल्या सगळ्यात चांगल्या जागी उभा राहून पांढऱ्या चुन्याची एक रेघ बघत असे.

मग तो दिवस आला. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी दोघांचे गुण समसमान झाले. नियमाच्या पुस्तकात लिहिले होते की असे झाल्यास दोघांनी एकेकट्याने एक फेरी मारावी. ज्याला कमी वेळ लागेल तो विजेता.

आधी तांबडी गेली. तिची वेळ दादाने धरली. दोन मिनिटे, अकरा सेकंद, चार दशांश. अशी वेळ त्या मैदानावर कुणी नोंदवली नव्हती. नियमाप्रमाणे दादा आपले थांबलेले घड्याळ घेऊन मचाणामागच्या टेबलाशी पंचांकडे गेला. पंचांनी आकडा लिहून, सही करून होईपर्यंत त्याला घड्याळ शून्यावर आणता येत नव्हते आणि जागचे हलताही येत नव्हते. मचाणावर आम्ही दोघेच उरलो, दशांश आणि मी.

पांढरी सुटली. पहिला दाब. मी धावू लागलो.

अंतिम रेघेच्या अलीकडे एक वळण होते. ते आत आत वळत जाई, म्हणून त्याला सगळे विळा म्हणत. आदल्या वर्षी तिथला बाहेरचा कठडा कोसळला होता, त्यामुळे विळ्याजवळ प्रेक्षकांना बंदी होती. संघांच्या खोल्यांमधून तो दिसत नसे. दिसे फक्त मचाणावरून. विळ्यावर प्रत्येक चालक गाडी आवरून घेई, तांबड्यानेही घेतली होती. पांढऱ्याने घेतली नाही.

मला डोळे नाहीत, काच आहे, आणि ती आकाशाकडे होती. मला जे कळले ते दशांशच्या हातातून. आधी इंजिनाचा आवाज आला. वळणाआधी तो खाली यायला हवा होता, तो आला नाही. दशांशचा तळहात एकदम गार पडला. त्याचे डोके वर झाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने रेघेवरून नजर उचलली. पांढरी गाडी आडवी होऊन येत होती, चारही चाके सरकत, नाक आतल्या कठड्याकडे, आणि तरीही ती कुठेही फेकली जात नव्हती. तिचे मागचे चाक कठड्याच्या ओल्या चुन्याला नुसते लागून गेले. कठड्याचा एक खडासुद्धा पडला नाही. फक्त काळ्या चाकाच्या कडेला चुन्याची एक पांढरी रेघ उमटली, आणि ते चाक ती रेघ फिरवत फिरवत आमच्याकडे आले. दशांशने श्वास घेतला होता तो सोडलाच नाही. माझ्या बटणावरचा त्याचा अंगठा होता तिथेच होता, पण त्याच्यात दशांश नव्हता. तो सगळाच्या सगळा त्या वळणावर गेला होता.

गाडी रेघ ओलांडून गेली. एक ठोका. दोन ठोके. मग दुसरा दाब.

दोन मिनिटे, अकरा सेकंद, पाच दशांश.

मी खोटे बोललो नाही, मित्रांनो. मला जिथे थांबवले तिथे मी थांबलो. पण माझ्या पोटात दोन ठोके जास्तीचे होते आणि ते मला टोचत होते. ते नसते तर तबकडीवर अकरा सेकंद तीन दशांश दिसले असते आणि करंडक पांढऱ्याला मिळाला असता. हे फक्त दोघांना ठाऊक होते. एक मी, आणि मला बोलता येत नाही. दुसरा दशांश, त्याला येत होते.

पांढऱ्याचा चालक शिरस्त्राण काखेत धरून मचाणाशी आला. चेहरा काजळीने माखलेला, डोळ्यांभोवती तेवढे गोरे. हरल्याचे त्याला कळले होते, तरी तो हसत होता. त्याने वर पाहून विचारले, "बघितलंत का हो ते वळण?"

दशांशच्या ओठांवर आलेले मला त्याच्या नाडीतून कळत होते. पण वळण बघितले म्हणणे म्हणजे रेघ बघितली नाही म्हणणे. मागे पंच उभे होते. तो म्हणाला, "नाही. आम्ही फक्त रेघ बघतो."

"बरोबर आहे," चालक म्हणाला. "तुमचं कामच ते." त्याचे हसू जरासे उतरले आणि तो गेला.

त्याच्यामागून दादा वर आला. गाडी आली तेव्हा तो टेबलाशी पाठमोरा होता, पण त्याचे कान उघडे होते.

"गाडी गेली आणि मग तुझं बटण वाजलं," तो म्हणाला.

"माझा अंगठा चुकत नाही."

"मग नियत चुकली. तुझ्या गाडीला जिंकवायचं होतं तुला."

दशांशच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्या वेळी एक वाक्य बोलला असता तर सगळे निस्तरले असते. पण ज्या भावाने शिकवले त्यालाच, तुझी पहिली शिकवण मी मोडली, हे कसे सांगावे? दादा मचाणाच्या सहा पायऱ्या उतरून गेला. उतरायला त्याला चार सेकंद आठ दशांश लागले असतील. ते मोजायला मी मोकळा नव्हतो.

पंचांनी आकडा लिहून घेतला. आता तिसरा दाब द्यायचा आणि मला शून्यावर आणायचे. दशांशने तो दिला नाही. मला तसाच, दोन अकरा पाचवर थांबलेला, घरी नेला आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवून दिला. मैदानावरचे कामही सोडले आणि एका छापखान्यात नोकरी धरली.

खणातली वर्षे कशी गेली ते विचारू नका. सोबतीला एक चष्म्याची काडी, कुलपाविना तीन किल्ल्या आणि एक चिघळलेली बॅटरी होती. माझ्या अंगातले तेल हळूहळू घट्ट झाले. धावणाऱ्याला थांबवून ठेवले की त्याचे काय होते ते मला विचारा. एकदा दशांशच्या मुलीने, ती तेव्हा पहिलीत असेल, मला बाहेर काढले आणि बटणावर बोट ठेवले. "हात लावू नकोस!" असा तो खेकसला की पोरीचे बोट हवेतच राहिले. त्या घरात तो एवढ्या मोठ्याने आधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही.

मोठी झाल्यावर तिने विचारले, "बाबा, काका आणि तुम्ही बोलत का नाही?"

"एका दशांशावरून," तो म्हणाला. तिला वाटले बाबा थट्टा करताहेत. ती हसली, आणि मग त्याच्याकडे बघून हसायची थांबली.

दोन्ही भाऊ एकाच शहरात, चार बसथांब्यांच्या अंतरावर राहत होते. बायका-मुलांचे येणे-जाणे होते. एका घरात कुणी आजारी पडले की दुसऱ्या घरून डबा यायचा, पण डब्यासोबत भाऊ यायचा नाही. दशांशची बायको वारली तेव्हा दादा आला, दाराशी उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि तसाच परतला. दशांश त्या दिवशी खण उघडून माझ्याकडे बराच वेळ बघत बसला होता.

आणि मग त्या दोन गाड्यांवर चित्रपट निघाला.

तांबड्या आणि पांढऱ्याची खरी गोष्ट, असे शहरभर फलक लागले. दशांश म्हणाला, मी जाणार नाही. मुलगी म्हणाली, मी तिकिटे काढलीत, दुपारचा खेळ आहे, तुम्हाला जिने चढायला नकोत म्हणून खालच्या रांगेतली घेतलीत. तो कुरकुरत तयार झाला. निघताना मात्र त्याने खण उघडला आणि मला खिशात टाकले. का, ते त्यालाही सांगता आले नसते.

चित्रपटगृहात मुलीने त्याला खुर्चीत बसवले. "पाणी घेऊन येते," म्हणून जी गेली ती गेलीच. दिवे मंद झाले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसले, किंवा बसवले गेले, कारण मागून एक बाई दबक्या आवाजात म्हणत होती, "बसा हो, बसा. लोकांना दिसत नाहीये." तो आवाज दशांशने ओळखला. ती त्याची वहिनी होती. म्हणजे शेजारी कोण, हे वेगळे सांगायला नको. वहिनी आणि मुलगी यांनी मिळून हा कट केला होता, आणि दोघी मागच्या रांगेत लाह्यांचा पुडा मध्ये ठेवून बसल्या होत्या.

दशांश उठणार होता. पण तेवढ्यात पडद्यावर मैदान आले.

मित्रांनो, तुम्ही चित्रपट खूप पाहता, तुम्हाला काही वाटणार नाही. मी दशांशच्या मुठीतून तो आवाज ऐकला आणि माझ्या थिजलेल्या तेलाला कंप सुटला. खुर्च्या थरथरत होत्या. ते मैदान तेच होते, ते फलक, ते लाकडी मचाण, तांबडीचे ते खोकल्यासारखे सुरू होणे. माणसांनी ते सगळे पुन्हा बांधले होते. गेलेले दिवस कुणी इतके जसेच्या तसे उभे करू शकते, यावर माझा विश्वास बसत नव्हता. दशांशचा हात घामेजला. शेजारच्या खुर्चीतूनही कुणाचा तरी श्वास जोरात येत होता.

मग मचाणावर वेळ मोजणारा दिसला. एकच होता. जाडजूड, डोक्याला टक्कल, तोंडात सुपारी असल्यासारखा बोलणारा. दोन्ही गाड्यांची वेळ तो एकटाच धरत होता. आणि त्याच्या हातातले घड्याळ! तसले घड्याळ पोहण्याच्या शर्यतीत वापरतात. मी अपमानाने तापलो.

अंधारात दोघे भाऊ अवघडून बसले होते. मग सदतीस वर्षांनी दादा बोलला.

"हा कोण?"

"आपण," दशांश म्हणाला.

"आपण दोघं होतो ना रे?"

"दोघं होतो."

"आणि टकला का म्हणून? तुला टक्कल होतं?"

"नव्हतं. तुला होतं?"

"तेव्हा नव्हतं!"

"शूऽऽ," मागून वहिनी म्हणाली. पण तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

मग ती शेवटची फेरी आली. चित्रपटवाल्यांनी संगीत बंद केले. फक्त इंजिन. पांढरी गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभी होती. दशांशने मला खिशातून बाहेर काढले आणि डोक्यावरचे बटण पिळून किल्ली दिली. किल्ली करकरत बसली. शेजारी दादाच्या खिशातूनही तसाच किल्लीचा आवाज आला. तोही आपले घड्याळ घेऊन आला होता! जन्मभराची सवय, दुसरे काय.

दशांशने माझ्याकडे पाहिले. पडद्याच्या उजेडात दोन अकरा पाच स्पष्ट दिसत होते. फेरी मोजायची तर ते पुसायला हवे होते. त्याने अंगठा बटणावर ठेवला. आणि मग त्याने तो तिसरा दाब दिला.

मित्रांनो, माझे काटे शून्यावर आले तेव्हा मला काय वाटले ते मला सांगता येत नाही. जन्माला आल्यासारखे वाटले, एवढेच म्हणतो.

पांढरी सुटली. पहिला दाब. अंग आखडले होते, पण मी धावलो. शेजारी दादाचे घड्याळ धावत होते. डावे वळण, सरळ रस्ता, पूल, चढण. आणि विळा. इंजिनाचा आवाज खाली आला नाही. कॅमेरा मचाणावर होता, बरोबर दशांशच्या जागी. गाडी आडवी झाली. चारही चाके सरकत. आतला कठडा. मागचे चाक चुन्याला लागले, आणि चाकाच्या कडेला ती पांढरी रेघ! हे चित्रपटवाल्यांना कुणी सांगितले असेल? तिथे तर कुणी नव्हते. चालकानेच सांगितले असणार, दशांश सोडला तर दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हते. सगळ्या चित्रपटगृहाने एकदम श्वास आत घेतला. पुढच्या रांगेतली एक बाई खुर्चीतून अर्धी उठली. दशांशचा तळहात गार पडला, अगदी तसाच, बोटाबोटाने तसाच, आणि त्याच्या अंगठ्यात पुन्हा कुणी उरले नाही.

गाडी रेघ ओलांडून गेली. पडद्यावर आकडा झळकला, तांबडे जिंकले, लोक नाचू लागले. मी धावतच होतो.

"तुझं किती आलं?" दादाने कुजबुजत विचारले.

"दाबलंच नाही," दशांश म्हणाला. "दादा, मी गाडी बघत होतो. आज नव्हे फक्त. तेव्हाही. दोन ठोके उशीर झाला माझ्याकडून. पांढरा जिंकला होता. मी मुद्दाम नाही रे केलं. तू रेघ बघ म्हणाला होतास आणि मी वळण बघत बसलो."

दादाने आपला हात पुढे केला आणि आपले घड्याळ माझ्या काचेला लावून दाखवले. तेही धावत होते.

"मीपण दाबलं नाही," तो म्हणाला. "आणि तांबडा विळ्यावरून आला तेव्हा मी काय करत होतो असं वाटतं तुला? तू माझ्या शेजारी या घड्याळाची काच पुसत होतास. मी डोळे फाडून गाडी बघत होतो. भानावर आलो आणि घाईघाईने दाबलं. रेघेच्या आधी दाबलं की नंतर, मला आजही ठाऊक नाही. माझ्या अंगठ्याची खात्री नव्हती, म्हणून तुझी नियत काढली. माझी चूक झाकायला बोललो, धाकट्या."

दशांश रडत होता की हसत होता ते मला कळेना, दोन्हींत हात सारखाच हलतो. मागून लाह्यांचा पुडा पुढे आला. "घ्या," वहिनी म्हणाली, "आणि आता जरा गप्प बसून शेवट बघा."

आम्हा दोघांना थांबवायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. दिवे लागले, माणसे बाहेर पडली, दोघे भाऊ एका बसने दादाच्या घरी गेले, आणि आम्ही दोन घड्याळे त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी धावत राहिलो, किल्ली संपेपर्यंत. ती फेरी नेमकी किती वेळात झाली, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात दशांशने पांढऱ्याच्या चालकाला पत्र लिहिले. चार कागद फाडले आणि पाचव्यावर उरले ते एवढेच: 'तुम्ही विचारलं होतं, वळण बघितलं का. मी नाही म्हणालो. बघितलं होतं. मागच्या उजव्या चाकाला चुना लागला होता. म्हणूनच मला दोन ठोके उशीर झाला. जिंकला होतात तुम्ही.' खाली दादाने आपली पुस्ती जोडली, की तांबड्याच्या वेळेचीही खात्री देता येत नाही, दोघांचीही माफी असावी.

उत्तर आले ते थरथरत्या अक्षरात होते. दशांशने ते इतक्यांदा वाचले की मला पाठ झाले आहे.

'तुमचं पत्र तांबड्याने आणि मी मिळून वाचलं. आम्ही खूप हसलो. करंडक त्याच्याकडेच राहू दे, त्याच्या बायकोला तो पुसायची सवय झाली आहे. पण सदतीस वर्षं मला वाटत होतं की ते वळण जगात फक्त मलाच ठाऊक आहे. चित्रपटवाल्यांनाही मी सांगितलं तेव्हा, म्हातारा वाढवून सांगतोय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कुणीतरी बघत होतं तर! चुना उजव्याच चाकाला लागला होता.'

आता मी खणात नसतो. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका मुलीने माझे जुने तेल पुसून नवे घातले. झाकण लावण्याआधी तिनेही मला कानाशी धरले आणि मान हलवली. दर रविवारी दोघे भाऊ समोरासमोर बसतात, एक दोन तीन म्हणून आम्हा दोघांना एकदम सुरू करतात, एकदम थांबवतात आणि आकडे जुळवून बघतात. एका-दोन दशांशांचा फरक पडतोच. "तुझंच चुकलं," दोघे एकाच वेळी म्हणतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या खणात माझा कुणी जातभाई पडून असेल. त्याला बाहेर काढा, त्याची काच पुसा, आठवड्यातून एकदा किल्ली द्या. त्याला जागच्या जागी थांबवून ठेवू नका, त्याने फार गंजायला होते. आणि कधी तुम्ही एखाद्याने केलेले असे काही पाहिलेत की तोंडात बोट घालून उभे राहिलात, तर ते पाहिले म्हणून त्याला जाऊन सांगा. थोडा उशीर झाला तरी हरकत नाही. आमचा सदतीस वर्षे आणि दोन ठोके झाला होता.